काढलेली वस्तू

आमच्या दवाखान्यात ऋतू दारातून येत नाहीत,
कानामागून येतात.
एप्रिलात पहिली गोचीड हाताला लागली
की लामारा चिमटा स्पिरिटात बुडवते
आणि म्हणते, झाला वसंत सुरू.
खिडकीबाहेर कॉकेशसवर तेव्हा बर्फच असतो.

जूनमध्ये गारांचे ढग फोडायला रॉकेटं उडतात.
वेली वाचतात,
पण सकाळी आमच्या बाकावर
पलंगाखालून ओढून काढलेली जनावरं.
झुझुनाचा मेंढ्या राखणारा कुत्रा,
लांडग्याला न भिणारा,
दोन दिवस बाथटबमध्ये बसून होता.
मी गोळी चीजमध्ये लपवते.
तो चीज खातो, गोळी माझ्या बुटावर ठेवतो.

आणि बाराशे सात.
त्याला मालक नाही, कानात पिवळा बिल्ला आहे.
लसीला तो स्वतःहून येतो असं मी सांगते,
लामारा म्हणते, हीटरसाठी येतो.

सप्टेंबरात दारावर कागद लागतो:
कुत्र्यांना द्राक्षं देऊ नका, मूत्रपिंडं जातात.
अख्ख्या तेलावीत द्राक्षाला नावं ठेवणारं
हे एकच दार.
बेझाननं तो कागद मोठ्यानं वाचला होता,
चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं,
मग इथल्या कुत्र्यानं जगावं तरी कशावर?

तोच नोव्हेंबरात आला,
मुराला गोधडीत गुंडाळून.
तीन दिवस अन्नाला तोंड नाही,
पोट दगडासारखं.
सोनोग्राफीत आतड्याला चुण्या,
परकराची नाडी ओढल्यावर पडतात तशा.
काय खाल्लं यानं?
बेझान टोपी फिरवत राहिला.
चुर्चखेला, म्हणाला.

अक्रोड दोऱ्यात ओवायचे,
द्राक्षाच्या दाट रसात बुडवायचे, पुन्हा बुडवायचे,
आणि टांगून वाळवायचे.
दर घरात आढ्याला अशा दहा-वीस माळा असतात.
बेझानकडे एक होती.
मार्गोच्या हातची, मागच्या हंगामातली.
मार्गो मार्चमध्ये गेली, हे आम्हाला माहीत होतं.
तो ती माळ खात नाही,
नुसता खाली खुर्ची टाकून बसतो,
हे फक्त मुराला माहीत होतं.

दोन तास गेले.
मी दिवा धरला होता, मान अवघडली.
आतडं दोन जागी उघडावं लागलं.
दोरा हळूहळू आला, हट्टी,
मागून अर्धे-मुर्धे अक्रोड.
लामारानं ते सगळं ट्रेमध्ये टाकलं,
कपाळ दंडाला पुसलं,
वाचेल, म्हणाली.

बाहेर बेझाननं आधी कुत्र्याचं विचारलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग, दोरा कुठाय?

घाण झालाय, मी म्हटलं.
असू दे. गाठ बघ त्याची.
ती डावखुरी होती.

मी ट्रे परत उचलला.
गाठ खरंच उलटी होती.
लामारानं तो तीनदा धुतला,
स्पिरिटातून काढला, बोटाभोवती गुंडाळला,
आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून
गोळ्यांच्या पाकिटात घातला.
पाकिटावर छापलेलं होतं:
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
बेझाननं ते नीट वाचलं,
मान डोलावली,
कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

नोंदवहीत एक रकाना आहे, काढलेली वस्तू.
त्यात आजवर मोजे, गळ,
एक बुद्धिबळाचा उंट.
मी लिहिलं: दोरा, अडीच वीत.
शेरा: परत दिला.

दहा दिवसांनी मुरा चालत आला,
शेपटीनं सिरिंजची पेटी उलथवली,
बाराशे सातवर गुरगुरला.
बेझाननं बिलाच्या अर्ध्या रकमेची वाइन आणली होती,
उरलेल्या अर्ध्याचीही वाइनच.
लामारानं टाके काढले.
काळे, तोकडे, सात तुकडे, कापसावर ओळीनं.
बेझाननं वाकून बघितले.
गाठी सुलट्या होत्या.
टाकून द्या, म्हणाला.