पावणेदोन किलो पितळ

कळव्याच्या भंगारवाल्याने ते वजनावर दिलं.
पावणेदोन किलो. भाव त्या दिवशी चढा होता,
मी घासाघीस केली नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळून खारेगावला आणलं,
तळेल्यांच्या गच्चीवर, रविवारी, साडेचारला,
जिथे महिन्यातून एकदा आम्ही चौघं
मोडीत निघालेल्या इंजिनांची वंशावळ मांडतो.

हेरंब कर्णिकने चष्मा कपाळावर सरकवला:
"कंट्रोलरचं हँडल. डीसी. पन्नासच्या दशकातलं."
मेल्विन म्हणाला, "साठच्या. मूठ बघ, खालून चपटी."
झालं, जुंपली.
कुठल्या इंजिनाला किती नॉच,
कुणाचा भोंगा सुरात, कुणाचा नुसता खोकायचा,
व्हॅक्यूमचा काटा किती इंचांवर लटकत असे.
मीही मध्ये तोंड घातलं. मला सगळं पाठ आहे:
नंबर, शेड, कुठल्या साली कापलं.
बत्तीस वर्षं मी बँकेत पासबुकं भरली.
सायकलशिवाय काही चालवलेलं नाही.

तळेले गप्प.
भुसावळला फावड्याने कोळसा ढकलत सुरुवात,
मग मालगाडी, मग लोकलची केबिन,
आणि आता ही प्लास्टिकची खुर्ची
पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून.
खालून एक नवी गाडी गेली,
तुपावरून सरकावी तशी.
"हिला नॉच नाहीत," ते म्हणाले.
"आमची खाट्-खाट् करत चढायची.
शंट, सिरीज, पॅरलल, मग फील्ड सैल,
आणि बोगद्याचं तोंड मोठं मोठं होत यायचं.
फळीखाली एकेक कॉन्टॅक्टर मिटायचा,
पायाला कळायचं. मोजलं कुणी?"

कर्णिकने वहीत लिहिलं: पायाला कळायचं.
मग खोडलं.
त्या रकान्यात आकडा लागतो.

मी पितळ पुढे केलं.
त्यांचा डावा हात आपसूक वर आला,
मूठ बसली, मनगट खाली गेलं,
आणि उजवा हात हवेत ब्रेक शोधू लागला.
तिथे शेंगदाण्यांची वाटी होती. सांडली.

"हे मी चालवलेलं नाही," ते म्हणाले.
"इथे बघा, अंगठ्याखाली खड्डा पडलाय.
माझ्याहून मोठा अंगठा. डावीकडे रेलणारा.
कोण होता कुणास ठाऊक."

मेल्विन म्हणाला, "दाबायचं किती? पुस्तकात दिलेलं नाही.
हात सुटला की गाडी थांबते, एवढंच लिहिलंय."

"मला विचारा," इंदूबाई म्हणाल्या,
चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी.
"रिटायर झाले, तरी दोन वर्षं
झोपेत माझं मनगट दाबून धरायचे.
सैल पडलं की दचकून उठायचे,
गाडी मध्येच उभी राहिली म्हणून.
मग मी कानाशी म्हणायची,
सोडा आता, कल्याण आलं.
तेव्हा सोडायचे."

मेल्विन आधी हसला, मग आम्ही,
तळेले जरा उशिरा.
कर्णिकने पेनाचं टोपण लावलं.

निघताना म्हटलं, ठेवा तुमच्याकडे.
त्यांनी हँडल उलटं करून आतली खोबण दाखवली:
"स्प्रिंग काढून घेतलीय कुणीतरी.
हे उलटून दाबत नाही. नुसतं पितळ आहे."
आणि पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं,
लहान मुलाला दुपट्यात गुंडाळतात तसं, घट्ट.

जिथे फाटक होतं, तिथल्या पुलावर थांबलो.
अंधार पडला होता, ओळखीचं कुणी नव्हतं.
कठड्यावर हँडल टेकवलं, डाव्या हाताने दाबलं,
घड्याळ बघितलं.
खालून एक मालगाडी गेली, मी डबे मोजले नाहीत.

चार मिनिटांत मनगट भरून आलं.
ठाण्याहून सुटलो असतो
तर बोगदा नुकता संपत असता.