हॉलंडचा हिवाळा

उरकुडे मास्तरांच्या वर्गात एक कॅलेंडर होतं,
खताच्या कंपनीचं, साल उलटून गेलेलं.
तारखा कापून टाकलेल्या, वर नुसतं हॉलंड :
गोठलेला कालवा, एक पवनचक्की,
आणि पाण्यावरून चालत घरी निघालेली माणसं.

‘हा चितारी,’ मास्तर म्हणाले,
‘जन्मभर थंडीच काढत बसला.’

बर्फ आम्हाला दोनदाच भेटलेला.
साकोलीच्या बाजारात, मासळीखाली, भुशात.
आणि मे महिन्यात दुधरामच्या आज्याखाली,
थोरला लेक सुरतेहून येईतो.

दुधराम मारबते उठला :
‘मास्तर, मंग मासोऱ्या कुठी रायतेत?’
मास्तर बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.
‘खाली,’ म्हणाले. ‘खालीच असतील.’

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बोडीवर.
धुकं असं की पाळ दिसेना,
बांधीतली लाखोरी नुसती पायाला ओली लागायची.
‘पांढऱ्याला हात लावायचा नाही,’ मास्तर ओरडले.
‘त्यानं तरी कुठं लावलाय?
राख बघा. पिवळं बघा. कडेला किंचित जांभळं.’

तेवढ्यात एक माणूस दिसला,
शिंगाडे तोडता तोडता थांबलेला,
पाण्यावर उभा, बिडी पेटवत.
‘बाप हाये माहा,’ दुधराम हळूच म्हणाला.

कागद सुकेतो दहा वाजले.
दुधरामच्या चित्रात बापाखाली डोंगा होता,
काळाभोर, ठसठशीत.
‘दिसत होता का रे?’
‘नायी.
पन बुडन नं तो.’