अवैध अक्षर

सुवात, लाउथाला खाडीकडे उघडणाऱ्या खोलीत
मंगळवारी आठ वाजता मी शिकवते:
बाहेरून येईल त्यावर विश्वास ठेवू नका.
एकतीस मुलं. आणखी चार पडद्यावर, किरिबासहून,
उपग्रहापायी माझ्या विनोदांवर
दोन सेकंद उशिरा हसणारी.

शाल्वीन विचारतो, "मॅडम, कुणावरच नाही?"
"फॉर्म भरणाऱ्या कुणावरच नाही.
आईने भरला तरी."
तो वहीत लिहितो: आई. पुढे प्रश्नचिन्ह.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांचे प्रोग्राम फोडते.
फार काही लागत नाही.
नावाच्या चौकटीत एकेरी अवतरणचिन्ह टाकायचं,
ओळीच्या वर लोंबणारं, झुरळाच्या मिशीएवढं.
त्यापुढे जे लिहू ते नाव राहत नाही,
हुकूम होतो,
आणि डेटाबेस मुकाट्याने ऐकतो.
सगळ्या वर्गाचे लुटुपुटीचे पगार मी शून्य केले.
मागच्या बाकावरून कुणीतरी शीळ घातली.

पुढच्या मंगळवारी सगळे दारं लावून आले.
’आकानेसीचं दार सगळ्यांत पक्कं:
ते चिन्ह दिसलं की हाकलून द्या. एकच ओळ.
मी दहापैकी दहा दिले.
आता स्वतःचं नाव घालून बघ, असं मी काही म्हटलं नाही.
ते तिने आपणहून केलं,
आणि तिचाच प्रोग्राम लाल रंगात तिला म्हणाला,
अवैध अक्षर.

ती वावा’ऊ बेटावरची. टोंगाच्या भाषेत ते व्यंजन आहे,
घशात क्षणभर अडलेला श्वास.
कीबोर्डवर मात्र त्याला आणि चोराच्या किल्लीला
कळ एकच.
तिने फळ्यावर लिहून दाखवलं:
’आंगा म्हणजे शार्क.
खूण पुसली, तर आंगा. सवय.
"पोहायला उतरण्याआधी," ती म्हणाली,
"हा फरक कळलेला बरा."
वर्ग हसला. दोन सेकंदांनी किरिबास हसलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी,
एवढंच शिकवलं होतं मी महिनाभर.

मग स्लाइड बंद केल्या
आणि कांदावूवरच्या आमच्या गावाचं सांगितलं.
पाहुणा येतो. यांगोनाची मुळं पुढे ठेवतो,
दाराशी बसतो. त्याने हवं ते बोलावं,
अगदी "हे घर पेटवा" सुद्धा.
मातानिवानुआ ऐकून घेतो आणि सरदाराला कळवतो:
पाहुणा असं असं म्हणाला.
म्हणाला. काडी कुणी ओढत नाही.
"हुकमाचं वाक्य आधी पुरं करा," मी म्हटलं,
"नावापुरती जागा त्यात रिकामी ठेवा.
मग त्या जागेत शार्क आला तरी येऊ दे."
हडसनने सोळा ओळींत करून दाखवलं.
शाल्वीनचं अजून गळतंय.

त्या रात्री मी नोंदणी विभागाचा जुना कोड उघडला,
रीतसर, तीन सह्या घेऊन.
हजेरीपटावर ती नुसतीच आकानेसी का,
ते बघायचं होतं.
ओळ दोनशे सतरा. चिन्ह गाळा.
शेजारी शेरा: तात्पुरतं. नंतर नीट करू.
खाली आद्याक्षरं, लि. वा.
बावीस वर्षांची होते मी. शुक्रवार होता,
आणि गावाकडची बोट सहाला सुटायची.

ओळ बदलायला समिती लागते.
समिती सप्टेंबरात बसते.
तोवर मंगळवारी छापील पट हातात येतो,
मी पेनाचं टोपण काढते,
तिच्या नावाआधी एक बारीक आकडी ओढते,
आणि हाक मारण्यापूर्वी
घशात थांबते.