हंगरगा रोड, एक मिनिट

उदगीरच्या तहसीलसमोर, कडुनिंबाखाली माझं मशीन.
रफाराची कळ मोडकी. 'अर्ज' मारला की 'अज' उमटायचं,
वरचा कोयता मी पेनानं काढायचो.
मन्मथअप्पा तोंडारेंची सगळी पत्रं याच मशीनवरची,
रेल्वेमंत्र्यांना गेलेलीसुद्धा.

अप्पांची आडत. शाळा निजामाच्या काळातली, उर्दूत.
वहीत कुळांची नावं उजवीकडून डावीकडं लिहायचे
आणि मला म्हणायचे, पाशा,
तुझ्यापेक्षा माझं अलिफ सरळ आहे.
खरंच होतं. मी मराठी शाळेतला.

त्या साली वारं होतं. निवडून आले.
हारातला झेंडू गल्लीतल्या शेळ्यांना दोन दिवस पुरला.

टर्म पाच वर्षांची, पुरली सोळा महिने,
मग सरकारही पडलं आणि लोकसभाही गेली.
तेवढ्यात अप्पा सहा वेळा बोलायला उठले,
पाच वेळा घंटी वाजली.
सहाव्यांदा मात्र पुरतं बोलले:
"साहब, हमारे हंगरगे में रेल आती, दिखती,
सीटी बी मारती, पन रुकती नई."
सभागृह हसलं म्हणे. अप्पाही हसले.
पुढं छापील कार्यवाही पोस्टानं आली,
दुकानात पोत्यावर बसून मी वाचून दाखवली:
"महोदय, हमारे क्षेत्र के हंगरगा ग्राम में
रेलगाड़ी का ठहराव नहीं है।"
अप्पा म्हणाले, हे कोण बोललं?
पुन्हा वाच.
सीटी कुठं गेली?

दिल्लीला मी एकदाच गेलो, जानेवारीत.
नॉर्थ अव्हेन्यूच्या दोन खोल्यांत आमच्याकडची एकवीस माणसं,
कुणाचं एम्समध्ये ऑपरेशन, कुणाची पोरगी नर्सिंगला,
एक देवणीचा गडी नुसताच लाल किल्ला बघायला.
खासदार मधल्या दारात सतरंजीवर झोपलेले,
रात्री मुतायला उठणारा प्रत्येक जण
त्यांना ओलांडून जायचा.

पाडलं त्यांना गॅसनं.
कोट्यातली कुपनं शंभर, मागणारे हजार.
चिठ्ठ्या काढल्या मठात, स्वामींसमोर,
लहान पोराच्या हातानं.
शंभर घरांत शेगडी पेटली
आणि नऊशे घरांत अप्पांचं नाव.
सख्ख्या मेव्हण्याचीही चिठ्ठी निघाली नव्हती.
पुढच्या खेपेला अनामत गेली.

लेटरहेडची दोन रिमं शिल्लक होती.
म्हटलं, नवी छापू, 'माजी' टाकून.
म्हणाले, कशाला? जागा आहे की डाव्या बाजूला.
मग दर पत्रावर, 'खासदार'च्या अलीकडं,
स्वतःच्या हातानं 'माजी' लिहायचे,
आधी मराठीत. मूडमध्ये असले तर खाली उर्दूतही, 'साबिक'.
पत्रं तीच. हंगरगा, हंगरगा.
बायको म्हणायची, त्या गावात ह्यांची सवत राहते काय.

आठ वर्षांनी गाडी थांबली.
फीत तिसऱ्याच माणसानं कापली,
मांडवात अप्पांना खुर्ची होती, चौथ्या रांगेत.
आम्ही गेलो ते दुसऱ्या दिवशी.
फुकट प्रवासाचा पास खिशात, तरी तिकीट काढलं,
लातूर रोडपर्यंतचं, आणि चढलेच नाहीत.
एक म्हातारी चढली, कोंबडीसकट.
दोन पोरं उतरली. गाडी हलली.
तोवर कान गेलेले त्यांचे. माझा दंड धरून विचारलं,
मारली का रे?
मारली, म्हटलं.

ते गेल्यावर दिल्लीहून घरी कागद आला,
सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं होतं, थोडा वेळ, गप्प.
सूनबाईंनी माझ्याकडंच वाचायला पाठवला.
चांगला जाड कागद. नाव छापलेलं,
'श्री मनमथ तोंदरे'.
मी पेनाचं टोपण काढलं.