भुई

आधी वर्तमानपत्र होतं.
शुक्रवारचं, मृत्युवार्तांचं पान वर;
आइलाने मुद्दाम नाही घातलं तसं,
हाताला लागलं ते घातलं.
बिस्किट त्यावरून सरकायचा तेव्हा
कुणीतरी रात्रभर पाकीट फोडतंय असं वाटायचं.
केशरी, बुटाच्या नाडीएवढा जीव,
आणि खाली शिरायला काही नाही.
"उघड्यावर तो झोपत नाही गं," आइला म्हणाली.
वय वर्षं अकरा. स्वतःही उशीखाली डोकं घालून झोपते.

बाबांना फोनवर सांगितलं, ती माझीच चूक.
तासाभरात पिकअप दारात,
खांद्यावर पोतं,
आणि त्यांच्या आधी घरात शिरलेला
तांबड्या सीडरचा वास.
"फुकट. माझ्याच रंध्याखालचं."
हॉक्वियमच्या लाकडी कौलांच्या गिरणीत चौतीस वर्षं
काढलेला माणूस. आमचं छप्पर सीडरचं,
स्वेटरांची पेटी सीडरची, सौनातला बाक,
आईला ठेवलं तीही.

आइला दारातच आडवी उभी राहिली.
सीडर नाही चालत, आजोबा.
त्याचं तेल हवेत उतरतं.
सापाला एकच फुप्फुस असतं धड,
दुसरं म्हणजे नुसती आठवण.
आपल्याला सुवास, त्याला
आतून सोलणं.

तोइवो हसले.
हसता हसता खोकला लागला,
आणि आम्ही थांबलो,
फाटकाशी ओंडक्यांची मालगाडी जाऊ देत थांबतात तसे.
डबे बरेच होते.

डॉक्टरांनी एकदा एक शब्द लिहून दिला होता कागदावर.
तो कागद त्यांनी घडी करून ठेवला
स्वेटरांच्या पेटीत.

पोतं परत गाडीत गेलं. काही न बोलता.

शनिवारी डेल्फीनच्या दुकानात तिघंही.
वाळू? उंदराबरोबर पोटात जाते, आत दगड होते.
अक्रोडाच्या टरफलांचा चुरा? कडा धारदार.
पाइन? डेल्फीनने तळहात हलवला, थोडं इकडे, थोडं तिकडे.
नारळाच्या भुशाची वीट, समुद्रापार करून आलेली,
पाण्यात टाकली की फुगते, ओल धरते;
पण आमच्याकडे ओल कमी आहे का?
भाकरी दोन दिवसांत हिरवी होते.

मग ॲस्पेन.
फिकट, कुरळं, रंध्याने नुसतं गुदगुल्या करून काढल्यासारखं.
बाबांनी मूठभर नाकाशी नेलं.
"ह्याला वासच नाही."
कुणा माणसाला गावच नाही म्हणावं तशा आवाजात.
मग किंमत वाचली.
एवढे पैसे! भुशाचे!
ज्याने आयुष्यभर तो फावड्याने नदीत लोटला,
त्याने पाकीट काढलं, नोटा मोजल्या,
सुट्टे परत घेतले नाहीत.

"चार बोटं खोल हवं," आइला म्हणाली,
म्हणून त्यांनी डावा हात भुशात उभा धरला.
त्याला तीनच आहेत. चौथं
एकोणऐंशी साली करवतीने ठेवून घेतलं.
तिघंही क्षणभर त्या हाताकडे.
"मग वर एक तुझं," ते म्हणाले,
आणि तिने आपलं बोट आडवं ठेवलं.

बिस्किट सोडला.
जीभ एकदा, दोनदा.
मग डोकं, मग जरा जास्त, मग
शेपटीचं टोक, पेन्सिलीचं शिस खिशात जावं तसं.
वर सपाट भुसा. कुठेतरी एक कुरळा तुकडा
हलला, किंवा हलला नाही.
साप म्हणून भुई धोपटणारे पुष्कळ असतात.
आम्ही पाऊण तास नुसती भुई बघत बसलो.

पुढच्या महिन्यात कात निघाली, अखंड,
डोळ्यांवरच्या भिंगांसकट.
आइलाने ती आजोबांना पाकिटात घालून दिली.
कुठे ठेवली, विचारलं नाही.

आता रविवारी ते येतात तेव्हा
आधी बाहेर कठड्यावर जाकीट काढून झटकतात,
बाह्या, खिसे, कॉलर,
पुन्हा पुन्हा, धूळ नसली तरी,
आणि खिळ्याला टांगून, नुसत्या शर्टात
आत येतात, थंडीत.
काचेसमोर खुर्ची ओढतात.
"दिसला का?"
"नाही."
"मग बरा आहे."