काडेपेटीएवढं

आचऱ्याच्या मच्छीमार सोसायटीत, भिंतीवर,
माझी पहिली स्लाईड: एकोणीस ओळी,
तीन बाण, कोपऱ्यात उगाच उड्या मारणारा डॉल्फिन.
मी भिंतीकडे तोंड करून वाचत राहिले.
पाठीला ऐकू आल्या
विड्यांसाठी ओढलेल्या काड्या.

रुक्मांगद तारी उठले.
"बाय, भितीर लिवललां वाचूचां
काय तुजां आयकूचां?
फाल्या ये."

रात्री लॉजवर एकेक ओळ काढली,
होडीत शिरलेलं पाणी उपसावं तशी.
बाण गेले. डॉल्फिन गेला.
'धन्यवाद' गेलं, गुलाबासकट.
आलेख ठेवू की नको यात बारा वाजले;
मग तोही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एकच फोटो,
पहाटे लिलावात काढलेला:
तारींकडून मागून घेतलेली काडेपेटी
आणि शेजारी तेवढंच पापलेट.
मी बोलले नाही. थोडा वेळ.
मागच्या बाकावर कुणी पुटपुटलं,
"ह्यां आमच्याच जाळ्यातलां."

तेव्हा मी भिंतीकडे पाठ केली
आणि जाळ्याच्या आसाबद्दल सांगू लागले,
कागद न बघता, जरा अडखळत.
तारींच्या ओठांत विडी होती.
काडेपेटी माझ्याच पर्समध्ये राहिलेली.
त्यांनी मागितली नाही.