ब्रेकमध्ये

आईला डॉक्टर शर्वरी आवडते.
रात्री साडेनऊला ओटा पुसून झाला की
ती खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढते
आणि तात्यांना बजावते, आता खोकू नका.

शर्वरीच्या शवागारात निळा उजेड असतो.
केस मोकळे सोडून ती प्रेतावर वाकते,
चिमट्यानं बंद मुठीतून एक बटण काढते
आणि जाहिराती धरून एका तासात
मेहुणा पकडला जातो.

तात्या बघतात. बोलत नाहीत.
एकदाच म्हणाले होते,
"केस बांधायला पाहिजेत तिनं."

एकतीस वर्षं ते सिव्हिलच्या मागच्या इमारतीत होते,
त्र्यंबक रोडच्या हॉर्नपासून शंभर पावलांवर.
कागदावर पद : कक्षसेवक.
चिरायचे ते, शिवायचे ते,
साहेब दाराशी उभे राहून लिहून घ्यायचे.
गंगापूर धरणातून आलेले,
सातपूरच्या कारखान्यातून ताडपत्रीत आलेले,
लॉजच्या पंख्यावरून उतरवलेले,
आणि नुसतेच आलेले, कुठून ते कुणालाच माहीत नसलेले.

घरी आले की आधी अंगणातला नळ.
आई पाणी तापवून ठेवायची. साबण वेगळा, टॉवेल वेगळा.
विचारायची एवढंच, भाकरी की पोळी.

माझ्या दप्तराचा पट्टा तुटला
तेव्हा त्यांनीच शिवला, जाड पांढऱ्या दोऱ्यानं,
आतून बाहेर, आतून बाहेर.
शिवणाच्या बाईंनी सगळ्या वर्गाला दाखवला तो टाका.
पुढं दप्तराचं कापड विरून गेलं,
शिवण तशीच राहिली.
कुठला टाका तो, हे कळलं तेव्हा
मी नोकरीला लागले होते.

आता आईला सगळे शब्द येतात.
व्हिसेरा म्हणते. गळ्यावरचे व्रण म्हणते.
बुडालेल्या माणसाच्या फुप्फुसात काय सापडतं
हे भाजीवालीला मेथी निवडता निवडता सांगते.
आणि काल, तेलाची जाहिरात लागली तशी
तिनं आवाज बारीक केला.

"तुमच्याकडं पण सापडायचं का हो, असं बटण-बिटण?"

तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
परत लावला नाही.
"बटण नाही."
तेलाची जाऊन साबणाची जाहिरात आली.
"एक पोरगी होती. निफाडकडची असंल.
द्राक्षाच्या विरळणीनं बोटं काळी झालेली,
अंगठ्याला कात्रीचा घट्टा.
कालव्यात सापडली.
डोकं उघडू नका म्हणाले साहेब, उशीर झालाय,
बुडून असं लिहिलं.
मी केस विंचरले तिचे. कुणी घ्यायला येईल,
निदान बघण्यासारखी असावी.
तर हाताला मऊ लागलं."

"मग? सांगितलं नाही?"

"सांगितलं की.
म्हणाले, गांगुर्डे, दोरा संपला का तुमचा?"

"कोण आलं घ्यायला?"

तात्यांनी मान हलवली.
ती हो होती की नाही, मला कळलं नाही.
आईला कळलं असावं.

मालिका परत सुरू झाली होती.
शर्वरी काचेच्या फळ्यावर बाण काढत होती,
तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता,
इन्स्पेक्टर बिनआवाजाचा चकित होत होता.
आईनं रिमोटला हात लावला नाही.
खुर्चीतल्या खुर्चीत वळली
आणि स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवलं,
भांगाच्या थोडं मागे.

"इथं?"

तात्यांनी तिचा हात धरला.
माझ्यादेखत ते कधी धरत नाहीत.
बोट हळूच सरकवत नेलं
पिकल्या केसांतून, कानाच्या मागे,
अंबाडा सुरू होतो तिथपर्यंत.

"इथं," म्हणाले.
"दाबू नको."